भिंत मागणाऱ्या शैला दीदी

शैला दीदींच्या स्कूटीचा स्टँड मोडलेला होता. गाडी चालू झाली की तो खालून खडखड वाजायचा, त्यामुळे दीदी गल्लीच्या तोंडाशी आल्या की पोरं आधीच ओरडायची, "दीवारवाली दीदी आ गई!" गाडी उभी करायची तर टेकवायला काहीतरी पाहिजे. म्हणून दीदी कोणाच्याही दारासमोर थांबत आणि विचारत, "अम्मा, जरा दीवार मिलेगी?" काम झालं की गाडी भिंतीपासून सोडवून घेत आणि न चुकता म्हणत, "लो अम्मा, आपकी दीवार." जशी काही भिंत मधल्या वेळात बाजारात नेली होती आणि आता परत आणून दिली.

स्टँड दुरुस्त का करत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "काहून करू? स्टँड लावून दारात उभी राहिली तर मी सर्वेवाली. भिंत मागितली तर पाहुणी."

माझ्याही भिंतीला ती गाडी टेकली, म्हणून आज मी हे लिहिते आहे. लिहायची मला सवय नाही. आठवीत शाळा सुटली, गाव विदर्भातलं, वणीजवळचं, आणि लग्न होऊन आले ती थेट जबलपूरला. आमचे हे रिछाईच्या एका छोट्या कारखान्यात लेथवर. खोली महाराजपूरच्या मागच्या अंगाला, जिथे कॉलन्या संपतात आणि वस्ती सुरू होते तिथे. हिंदी मला टीव्हीतून समजायची, तोंडातून निघायची नाही. भाजीवाल्याने "कितना दूँ" विचारलं तरी घाम फुटायचा. हे कामावर गेले की मी आतून कडी लावायची, आणि ती नीट लागली का ते परत परत बघायची. गल्लीतल्या आवाजांवरून दिवस ओळखायची. सोमवारी पहाटे एका ऑटोचा भोंगा वाजायचा आणि बायांचा कलकलाट निघून जायचा. मला वाटायचं, कुठल्यातरी कामावरच्या बाया असतील.

एका दुपारी ती खडखड माझ्या दाराशी थांबली. "कोई है? थोड़ी दीवार चाहिए थी." मी दार बोटभर उघडलं आणि स्वतःशीच पुटपुटले, "आता ही कोण बाई?"

बाहेरून उत्तर आलं, "मी कोण ते सांगते न पोरी, पहिले भिंत तर दे. गाडी पडून राहिली!"

त्या गल्लीत मराठी! मी कडी काढली आणि दार पुरतं उघडलं. उन्हात एक ठेंगणी बाई दोन्ही हातांनी स्कूटी धरून उभी होती. सुती साडी, पायात पुरुषी सँडल, आणि चेहऱ्यावर असा भाव, की भिंतीची मालकीण मी आणि त्या मागायला आलेल्या.

दीदींचं घराणं जबलपूरचंच, कितीतरी पिढ्यांचं. वडील तोफांच्या कारखान्यात होते. त्यांची मराठी आमच्याकडल्यासारखीच, करून राहिलो, जाऊन राहिलो, पण मधेच "अच्छा चलो" म्हणून हिंदीत शिरायची आणि परत कधी आली ते कळायचं नाही. त्या म्हणत, "आमच्या घरी देव मराठीत बोलतात अन् भाजीवाला हिंदीत. मी दोघांच्या मधात." भोपाळच्या एका संस्थेसाठी त्या काम करायच्या. संस्थेने वस्तीत बायांसाठी एक खोली घेतली होती. दुपारी उघडायची. बसा, शिवा, बोला, कोणाला दवाखान्याचा कागद समजून घ्यायचा असेल तर घ्या. दीदींनी मला त्या खोलीची किल्ली दिली, म्हणजे कामावरच ठेवलं. सतरंजी घालायची, चहा ठेवायचा, आणि त्या घरोघरी जातील तेव्हा सोबत जायचं.

संस्थेने एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगितलेली होती. आधी अभ्यास करा, वस्तीतल्या बायांचं कसं चाललंय ते शोधा, आणि त्यांना या खोलीची खरंच गरज आहे का ते लिहून द्या. गरज असली तर खोली राहील, नाही तर बंद. बाकीच्यांना ते वाक्य विसरता यायचं. मला नाही. खोली गेली तर मी परत कडीच्या आत.

कुलपाचं सांगते. संध्याकाळी खोलीला कुलूप लावून मी गल्लीच्या वळणापर्यंत यायची आणि थबकायची. लागलं असेल का? घरचे हसायचे, हे तर चिडायचेच. पहिल्यांदा दीदींसमोर मी तशी थबकले तेव्हा मला वाटलं, गेली नोकरी. त्या म्हणाल्या, "बघून ये. मी थांबते." बघून आले. चार पावलं गेलो, परत तेच. "अच्छा, अजून एकदा ये बघून. मला काही ट्रेन नाही पकडायची." त्या भर रस्त्यात पर्स छातीशी धरून उभ्या राहिल्या. हसल्या नाहीत, समजावलं नाही. बऱ्याच दिवसांनी मी विचारलं, तुम्हाला राग नाही येत का? तर म्हणाल्या, "तू कुलूप बघतेस, मी माझी वाक्यं बघते. दोघी सारख्याच."

ते वाक्यं बघणं म्हणजे पुलियावरचं काम. वस्तीच्या कडेने एक नाला जातो, त्यावर बुटकी पुलिया, म्हणजे छोटासा पूल आहे. कोणत्याही घरून निघालो की दीदी सरळ पुढच्या घरी जायच्या नाहीत. पुलियाच्या कठड्यावर बसायच्या, मला बसवायच्या आणि विचारायच्या, "सांग. आपण काय करून आलो?"

पहिल्यांदा आम्ही कुसुम अम्मांकडे गेलो होतो. अम्मा म्हणजे वस्तीतली सगळ्यांत जुनी बाई. जीभ अशी, की पाण्याचा टँकरवालाही तिच्या दारासमोर गाडी हळू करायचा. तिने आम्हाला आत घेतलं नाही, दोन शब्द बोलून वाटेला लावलं. पुलियावर मी म्हटलं, "अम्मा लई रागीट आहे."

"रागीट हे तुला वाटलं. तिने केलं काय, ते सांग."

"दार अर्धंच उघडलं."

"अजून?"

"हात पिठाचे होते."

"मंग?"

मी विचार केला. "मग... कणीक मळून राहिली असंल."

"तर रागीट होती का कामात होती?"

मला वाटलं आता बोलणी बसतील. पण दीदींनी कपाळाला हात लावला तो स्वतःच्या. "अन् मी काय केलं बघ! पिठाच्या हाताच्या बाईसमोर कागद धरला, म्हटलं सही करा. मी तिच्या जागी असती तर लाटणं फेकून मारलं असतं."

असं ते चालायचं. 'बिचारी' हा शब्द तोंडातून निघाला की त्या नाल्याकडे बोट दाखवायच्या. टाक तिकडे. आधी जे दिसलं ते, मग जे वाटलं ते, आणि शेवटी आपण कुठे घाई केली ते. शेवटचा भाग त्या स्वतःपासून सुरू करायच्या. एवढ्या शिकलेल्या बाईला स्वतःची चूक शोधताना असा उत्साह येतो, जसा दुसऱ्याला हरवलेली वस्तू शोधताना येतो, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्या शाळेत चूक म्हणजे छडी. मी शाळा सोडली त्यात छडीचा हात होताच.

दीदींकडे चूक म्हणजे खोव्याची जलेबी. ही इथली जलेबी, काळपट, जाड, एक खाल्ली की जेवण नको. जो चुकला त्याने ती सगळ्यांना खाऊ घालायची, असा त्यांचा नियम, आणि बहुतेक वेळा चुकलेल्या त्याच निघायच्या. कुसुम अम्मांच्या घरी दुसऱ्यांदा गेलो ते जलेबीची पुडी घेऊन. "अम्मा, उस दिन आटे के हाथ में कागज पकड़ा दिया, उसकी है." अम्माने पुडी घेतली, दीदींना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तो दीदी, रोज गलती करो. मीठे का खर्चा बचेगा." आणि दार पूर्ण उघडलं.

थंडी सरता सरता घरोघरचं विचारणं संपलं. एक प्रश्न दीदींनी मोठ्या विचाराने घातला होता. महिन्यात घराबाहेर कुठे कुठे जाता? स्वतःसाठी, मन मोकळं करायला? आणि घरामागून घरी एकच उत्तर आलं होतं, "कहीं नहीं जाते दीदी. घर से घर." कोणी हसून सांगायची, कोणी भांडी घासता घासता. ते उत्तर माझंही होतं.

दीदींनी अहवालात लिहिलं की या वस्तीतल्या बाया घरात कोंडलेल्या आहेत, त्यांना मोकळं बसायला या खोलीशिवाय दुसरी जागा नाही. भोपाळहून तिवारी सर आले होते, ते या कामाचे साहेब. ते वाक्य वाचून खूश झाले. "बस दीदी, इसी एक बात पर कमरा बच जाएगा." मी चहा देत होते. ते ऐकून मला इतका आनंद झाला की बशीत चहा सांडला.

पण दीदींचा एक हट्ट होता. ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांना वाचून दाखवल्याशिवाय कागद वस्तीबाहेर जाणार नाही. तिवारी सर म्हणाले, ठीक है, औपचारिकता कर लीजिए. सोमवारी दुपारी खोली भरली. बाया सतरंजीवर, दीदी मधोमध, सर खुर्चीवर, मी दाराशी किटली घेऊन. दीदी सोप्या हिंदीत एकेक गोष्ट वाचत गेल्या. पाण्याचं वाचलं, माना हलल्या. दवाखान्याचं वाचलं, माना हलल्या. मग ते वाक्य आलं. कोंडलेल्या आहेत, कुठेच जात नाहीत.

कुसुम अम्मा म्हणाली, "कौन?"

"आप लोग, अम्मा. आप ही ने तो बताया."

"हम कैदी हैं क्या? और हर सोमवार जो ऑटो भरके ग्वारीघाट जाता है, उसमें कौन बैठता है? हमारे भूत?"

खोलीत असा हशा फुटला, की बाहेरची पोरं दारात गोळा झाली. एक म्हणाली, अमावसेलाही नर्मदेवर जातो. दुसरी म्हणाली, जोवर घाटावर सासूच्या चार गोष्टी सांगत नाही तोवर हिचा आठवडा पार पडत नाही. "मग मी विचारलं तेव्हा सांगितलं काहून नाही?" गडबडीत दीदी मराठीतच बोलल्या, मग तेच हिंदीत विचारलं.

अम्माला प्रश्नच समजेना. "तुमने पूछा बाहर कहाँ जाती हो. नर्मदा मैया के पास जाना कोई बाहर जाना है? वो तो घर है." मग तिने डोळे बारीक केले. "और दीदी, तुम्हारी चोटी हर सोमवार को गीली रहती है. वो कौन भिगोता है?"

दीदींचा हात वेणीवर गेला. वेणी ओली होती.

मी ते कधीच विसरणार नाही. त्या हसल्या, पण आधी एक क्षण चेहरा लहान मुलीसारखा झाला. त्या दिवशी पुलियावर बसून म्हणाल्या, "रंजू, जन्मापासून मी घाटावर जाऊन राहिली. मला कोणी विचारलं असतं न, बाहेर कुठे जाता, तर मीही हेच म्हटलं असतं, कुठीच नाही. परगावची बाई असती तर तिने हटकून विचारलं असतं, घाटावर जाता का? मी इथली, म्हणून मला दिसलंच नाही."

पण पुलियाच्या आधी तिवारी सर होते. बाया गेल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. "दीदी, एक लाइन की बात है. रहने दीजिए. ये लाइन निकली तो कमरा क्यों चाहिए, मैं भोपाल में क्या बोलूँगा?" माणूस वाईट नव्हता. खोली वाचावी असं त्यालाही वाटत होतं. आणि खरं सांगते, मी किटली धुताना मनातल्या मनात देवाला म्हणत होते, दीदी हो म्हणू दे.

दीदी म्हणाल्या, "सर, उसी लाइन पे तो कमरा खड़ा है. गलत लाइन पे खड़ा रहा तो कभी भी गिरेगा."

"गिर गया तो?"

"तो फिर से पूछेंगे."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना माहीत होतं माझं काय जातंय. "घाबरून राहिली न? मीही. चल, दुकान बंद व्हायच्या आधी जलेबी आणू. आज लई लागेल."

वस्तीभर जलेबी वाटत आम्ही परत तीच घरं फिरलो. या वेळी प्रश्न बदलला होता. घाटावर जाता का? कोणाबरोबर? पहिल्यांदा कोणी नेलं? आणि उत्तरं धबाधबा यायला लागली. त्या ऑटोत काय काय होतं! कोणाची पोर सासरी रुसली, कोणाला गाठ लागली आहे आणि दाखवायला भीती वाटते, कोणाचा नवरा परत पिऊन राहिला, सगळं पायऱ्यांवर बसून निघायचं. आम्ही जे काम करायला खोली उघडली होती ते या बाया आमच्याही आधीपासून नदीवर करत होत्या. मला एकेका घरी ऐकताना वाटत होतं, झालं, आपली खोली गेली.

दीदी मात्र पुलियावर दुसऱ्याच गोष्टीपाशी अडकल्या होत्या. "ज्या जात नाहीत, त्या कोण?"

जाणाऱ्या सगळ्यांना कोणीतरी नेलं होतं. सासूने, जावेने, शेजारणीने. न जाणाऱ्या होत्या त्या नव्याने आलेल्या. कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यातून, दुसऱ्या राज्यातून आलेल्या, भाड्याच्या खोल्यांत, ज्यांना कोणी हाकच मारली नव्हती. त्यांनीही "कहीं नहीं" असंच सांगितलं होतं. जाणारीचं आणि न जाणारीचं, दोघींचं उत्तर एकच. कागदावर त्यांच्यात काही फरक दिसत नव्हता.

"मला पण कोणी बोलावलं नाही," मी म्हणाले. बोलून गेल्यावर लाज वाटली.

दीदींनी माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या घरोघरी उत्तर देणाऱ्या बाईकडे बघायच्या. मग सरळ स्कूटी काढली आणि मला मागे बसवून कुसुम अम्माच्या दाराशी नेली. भिंत मागितली आणि विचारलं, "अम्मा, इसको कभी बुलाया क्यों नहीं?"

अम्मा गोंधळली. "हमको लगा, महाराष्ट्र की है, इनके देवता अलग होंगे." मग माझ्या पाठीत एक धपाटा घातला. "पगली, बोलना तो था! सोमवार को भोंपू बजे तो निकल आना."

दीदींनी अहवाल नव्याने लिहिला. आपली पहिली चूक त्यात पहिल्याच पानावर घातली, ती कशी झाली आणि कोणी पकडली ते अम्माची परवानगी घेऊन लिहिलं. पुढे लिहिलं की वस्तीतल्या जुन्या बायांना आमच्या खोलीची फारशी गरज नाही, त्यांची जागा त्यांच्यापाशी आहे. गरज नव्या आलेल्यांना आहे. म्हणून खोली दुपारी उघडते तशी सोमवारी पहाटेही उघडावी, ऑटो तिथूनच सुटावा, आणि जुन्या बायांनी नवीन बाईला हाक मारून सोबत न्यावं. हाक मारायचं काम खोलीचं.

भोपाळहून उत्तर यायला वेळ लागला. त्या दिवसांत मी कुलूप किती वेळा बघितलं ते विचारू नका. शेवटी तिवारी सरांचाच फोन आला. त्यांनी दीदींना आधी सांगितलं की साहेब लोक पहिलं पान वाचून हसले. मग सांगितलं की खोली राहील, सध्या एका वर्षासाठी, पुढचं पुढे बघू. दीदींनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "एका वर्षात लई चुका करता येतात, रंजू."

आता हाक मारायचं काम माझं आहे. कोणत्या खोलीत नवीन भाडेकरू आली ते माझ्या कानावर येतं. मी जाते. माझी हिंदी अजून अडखळते, पण आतून कडी लावून बसलेल्या बाईशी कसं बोलावं, हे मला येतं.

दीदी मागच्या थंडीत डिंडोरीकडे गेल्या, तिथल्या गावांमध्ये लांबचं काम आहे. जायच्या आधीच्या सोमवारी त्या ग्वारीघाटावर आल्या. माझ्याबरोबर फुलवती होती, मंडल्याच्या पलीकडून नुकतीच लग्न होऊन आलेली पोर. तिचा पहिलाच दिवस. ती पाण्यात उतरायला भीत होती, मी तिचा हात धरून गुडघाभर पाण्यात उभी होते आणि दुसऱ्या हाताने तिचा पदर सावरत होते. कुसुम अम्मा शेजारी दिवा सोडत होती. दीदी वरच्या पायरीवर बसून वेणी पिळत होत्या.

"रंजू, एक सवाल आहे. कामाचा."

"विचारा न."

"महिन्यात घराबाहेर कुठे कुठे जातेस?"

माझं लक्ष पदराकडे होतं. "मी कुठं जाऊन राहिली दीदी? कुठीच नाही. घर नि खोली."

पदर नीट झाल्यावर मी मान वर केली. दीदी माझ्याकडे बघत होत्या. अम्माही बघत होती, हातातला दिवा तसाच. मग मी खाली बघितलं. माझ्या पायांभोवती नर्मदेचं पाणी होतं.

अम्मा इतकी हसली की दिवा विझला. दीदी नुसत्या उठल्या, साडीला लागलेली वाळू झटकली. "चल," त्या म्हणाल्या, "आज जलेबी तुझ्याकडून."

मी घेऊन दिली. पुडी त्यांनी स्कूटीच्या हुकाला अडकवली. गाडी एका फुलवालीच्या टपरीमागच्या भिंतीला टेकलेली होती. ती फुलवाली नवीन असावी, दीदींना ओळखत नव्हती. दीदींनी गाडी भिंतीपासून सोडवली, हात जोडले आणि म्हणाल्या, "लो अम्मा, आपकी दीवार."

खडखड करत त्या चढावर दिसेनाशा झाल्या. फुलवाली हार ओवायची थांबली आणि मागे वळून आपल्या भिंतीकडे बघायला लागली, जशी ती आत्ताच कोणी आणून ठेवली होती.